जिवंत माणसाच्या नावाचा कप

दोहा, शुक्रवार, ९ फेब्रुवारी २००७

सायमन,

आज माझ्या जावयाच्या हॉलमध्ये तुला मारण्यात आलं. हात वर करून, सर्वानुमते. तू अजून श्वास घेत असशील तर तुला कळावं म्हणून लिहिते आहे.

इंग्रजीत लिहिणार होते. मग आठवलं, तुझं इंग्रजी रेफरीशी भांडण्यापुरतंच होतं.

शुक्रवारी, म्हणजे इथल्या सुट्टीच्या दिवशी, चर्चमधली मिस्सा संपली की आपल्या कॉलेजचे जुने विद्यार्थी ॲड्रियनकडे जमतात. ॲड्रियन म्हणजे कॅरलचा नवरा. माणूस चांगला आहे, हे आधीच सांगून ठेवते, म्हणजे पुढे त्याला मूर्ख म्हणायला मी मोकळी. डिसेंबरात इथे एशियाड झालं, आमच्या अल अझीझियाच्या खिडकीतून दिसणारा तो मशालीसारखा टॉवर उभा राहिला, आणि तेव्हापासून या घरात येणारा प्रत्येक पोट सुटलेला पुरुष फुटबॉलचा जाणकार झाला. आता त्यांना स्पर्धा भरवायची आहे. स्पर्धेला कप हवा, कपाला नाव हवं. मी स्वयंपाकघरात पॅटीस तळत होते. तुझं नाव ऐकलं आणि एक पॅटीस करपलं.

तू माझा कोण हे त्यांच्यापैकी कुणाला ठाऊक नाही. मी 'जॅनेट आंटी'. बायकोचे वडील ती लहान असताना घर सोडून गेले एवढंच ॲड्रियनला माहीत आहे, आणि वसईत सायमन इतके आहेत की त्याला शंका यायचं कारण नाही. कॅरलनं ट्रे उचलला, माझ्याकडे पाहिलं. मी मानेनंच 'नको' म्हटलं. ती ट्रे घेऊन बाहेर गेली.

"त्या माणसाचं नाव काढू नका," ट्रेवर म्हणत होता. हा वेस्ट बेच्या एका ऑफिसात फायली सांभाळतो आणि मोठ्यानं बोललं की ते खरं होतं अशी त्याची समजूत आहे. "फायनलला हाफटाइमनंतर मैदानावर आलाच नाही! कॉलेज चार गोल खाऊन घरी. त्याच्या नावानं कप? यल्ला, काहीतरी डोकं वापरा."

"तू पाहिलीस ती मॅच?" हा सदानंद. पुण्याचा, गॅस कंपनीत इंजिनियर. द पर्लमध्ये फ्लॅट बुक केलाय असं सांगतो, जिथे सध्या नुसता भराव दिसतो.

"माझ्या मोठ्या भावानं पाहिली."

"मग तू गप्प बस. असा सेंटर हाफ पुन्हा झाला नाही. सगळा खेळ त्याच्या पायातून जायचा. बाकीचे दहा नुसते धावायचे, हा एकटा विचार करायचा."

"आणि फायनलला विचार करत करत कुठे गेला?"

"मुलीबरोबर गेला, सायकलवरून," कुणीतरी म्हणालं. "समोरच्या टीमनं फोडला," दुसरा. "कोचशी वाजलं होतं," तिसरा. चाळीस वर्षं झाली त्या मॅचला, सायमन. त्या खोलीत तुला खेळताना पाहिलेला एकही माणूस नव्हता. सदानंद कॉलेजात गेला तेव्हा तू जिना चढताना कठडा धरत होतास.

मग ट्रेवरनं नियम काढला. "जिवंत माणसाच्या नावानं आपण कप ठेवत नाही. वसईत बघा, बांद्र्यात बघा, सगळे कप मेलेल्यांचे. उद्या हा कुठे पिऊन पडला तर कप कुणी उचलायचा?"

हे मात्र त्याचं बरोबर आहे. आपल्याकडे माणूस मेल्यावर त्याचा कप होतो. जिवंतपणी त्याला कुणी धड बशीसुद्धा देत नाही.

सदानंदनं हातातलं पॅटीस खाली ठेवलं. "मग प्रश्नच मिटला," तो म्हणाला. "तो गेला. दोन-तीन वर्षं झाली."

बाकी सगळ्यांनी छातीवर क्रुसाची खूण केली. सदानंदनं हात जोडले. मी झारा धरून उभी राहिले.

"गेला?" ट्रेवर म्हणाला. "अरे देवा. काय माणूस होता!" त्याच तोंडानं. त्या तोंडातलं पॅटीससुद्धा अजून गिळून झालं नव्हतं. मग कपाला तुझं नाव द्यायला सगळ्यांनी हात वर केले.

सदानंदला वाद जिंकायचा होता आणि त्यानं तो तुला मारून जिंकला, असं माझं मत आहे. तू मेरीकडे राहतोस असं शेवटचं ऐकलं होतं, म्हणून पत्र तुझ्या बहिणीच्या पत्त्यावर. एका ओळीचं उत्तर पुरे. जिवंत आहेस एवढंच लिही. बाकीचं मला वाचायचं नाही.

जॅनेट


शनिवार, २४ फेब्रुवारी

सायमन,

तुझा मृत्यू छान चालला आहे. दर शुक्रवारी त्यात भर पडते.

आधी तू नुसता गेला होतास. मग हार्ट अटॅकनं गेलास. काल ट्रेवर तुझ्या अंत्यविधीला हजर होता. सुट्टीवर गेला होता म्हणे, योगायोगानं.

"काय गर्दी, काय गर्दी!" तो सांगत होता. "पेटीवर कॉलेजची जर्सी घातलेली. मी स्वतः खांदा दिला."

मी चहा ठेवायला बाहेर गेले. "कुठल्या सिमेट्रीत पुरलं, ट्रेवर?"

"आपल्याच, आंटी."

"आपल्या म्हणजे? तू तर नालासोपाऱ्याचा."

"म्हणजे... त्यांच्या."

"आणि घरचं कोण होतं? बायको, मुलं?"

"कुणी नाही, आंटी. एकटाच होता बिचारा. बायकोनं सोडलेलं."

कॅरलच्या हातातला कप बशीवर वाजला.

"बायकोनं सोडलं?"

"असं म्हणतात. जहांबाज होती म्हणे."

"असेल," मी म्हटलं. "साखर घे ट्रेवर, चहा कडू झालाय."

मी कॉन्व्हेंटची आहे, शिव्या देत नाही, फक्त वर्णन करते. तर वर्णन असं, की पंधरा दिवसांपूर्वी ज्या माणसाला तू दगाबाज वाटत होतास त्याच्या डोळ्यांत काल पाणी होतं, आणि ते खरं होतं. हे मला सगळ्यात किळसवाणं वाटलं. खोटं रडणारा माणूस परवडतो, त्याला निदान आपण काय करतोय ते माहीत असतं. हे लोक आधी थाप मारतात आणि मग तिच्यावर मनापासून रडतात. आता वीस एप्रिलला कपाची फायनल, आणि त्या सकाळी तुझ्या आत्म्याच्या शांतीसाठी मिस्सा. ॲड्रियननं फादरांशी बोलून ठेवलं आहे. आपण कुणासाठी मिस्सा लावतोय याची त्या बिचाऱ्याला कल्पना नाही.

मेरीला फोन केला. दोन वेळा, वेगवेगळ्या वेळी. वाजत राहतो. ती मुलाकडे ऑस्ट्रेलियाला गेली असेल. किंवा नंबर बदलला असेल. मी घाबरलेली नाही. मला कुणी फसवलेलं आवडत नाही, एवढंच. पण एकच थाप सात जणांनी दोन आठवडे सांगितली की शहाणी बाईसुद्धा विचार करू लागते, की सदानंदनं कुणाकडून तरी ऐकलं असेल का.

लिही.

जॅनेट


शनिवार, १७ मार्च

सायमन,

आता हे माझ्यापुरतं राहिलेलं नाही, म्हणून लिहिते.

काल मंडळी गेल्यावर कॅरल भांडी पुसत होती. मला म्हणाली, "मम्मी, पप्पा खरंच गेले असतील?"

"हे लोक काहीही बोलतात."

"पण तुला माहीत नाही."

"नाही."

"मला रडू येत नाही," ती म्हणाली. "मी प्रयत्न केला, बाथरूममध्ये जाऊन. मला आठवतात ते जेवणाच्या टेबलावर मॅच मांडणारे पप्पा. बाकी काही आठवतच नाही."

आठवतं का तुला ते? बारमधून यायचास आणि ताटाभोवती मीठदाणी, लिंबं, चमचे मांडून पूर्वार्ध पुन्हा सांगायचास. उत्तरार्ध कधीच नाही. बारमधल्या त्या टोळक्यानं तुला रोज पाजून तोच पूर्वार्ध काढून घेतलेला असायचा, आणि तरी तुझं पोट भरलेलं नसायचं. एकदा या पोरीनं लिंबू उचललं आणि पळाली. चार वर्षांची होती. तू तिला फटका मारलास, कारण ते लिंबू तुझा लेफ्ट आऊट होता.

त्या लोकांनी तुला संपवलं असं माझ्या आईचं म्हणणं होतं. मला ते कधी पटलं नाही. ते नुसते विचारत होते. सांगत तू होतास. आणि मग एका संध्याकाळी गेलास तो त्यांच्याकडेच राहिलास, आधी एकाच्या घरी, मग दुसऱ्याच्या, ज्याला ज्याला घरात एक जुना सेंटर हाफ ठेवून मिरवायचं होतं त्याच्या त्याच्याकडे. कॅरल सात वर्षांची होती.

हे सगळं मी तिला बोलले नाही. ती भांडी पुसत राहिली आणि म्हणाली, "ॲड्रियन विचारत होता, मिस्सेला बायबलचं पहिलं वाचन कोण करेल. मी म्हटलं, मी करते."

"का?"

"कारण ट्रेवर करणार होता."

तिला ॲड्रियनला सांगायचं नाही. "काय सांगू?" म्हणते. "की तुम्ही ज्यांच्यावर भांडता ते माझे पप्पा आहेत, आणि मला त्यांच्याबद्दल तुमच्यापेक्षा कमी माहिती आहे?"

मी स्पष्ट विचारते. तू मेला असशील तर मेरीनं किंवा कुणीही आम्हाला तसं कळवायला हवं होतं. काळं नेसायचा हक्क या मुलीचा आहे, तो तिला पॅटीस खाणाऱ्यांकडून मिळता कामा नये. आणि जिवंत असशील तर तुझ्या शांतीसाठी तुझ्याच मुलीला उभं राहून बायबल वाचायला लावणारा तू कोण? फायनलपर्यंत मला कळलं पाहिजे.

जॅनेट


शनिवार, ३१ मार्च

सायमन,

कप आला. सूकमधून, म्हणजे इथल्या जुन्या बाजारातून. त्यावर तुझं नाव आणि पुढे 'स्मृत्यर्थ', इंग्रजीत, वळणदार अक्षरांत. टीव्हीवर ठेवला आहे. कॅरल तिथली धूळ पुसते तेव्हा कप उचलत नाही, त्याच्याभोवतून पुसते.

कमिटीचा वाद अजून संपलेला नाही, हे तुला ऐकून बरं वाटेल. तू गेलास यावर एकमत झालं, आता तू हाफटाइमला का गेलास यावर भांडण आहे, कारण बक्षीस समारंभात सदानंदला भाषण करायचंय. "काहीतरी मोठं कारण असणार," तो म्हणतो. "तसा खेळाडू उगाच मैदान सोडत नाही. अन्याय झाला असणार त्याच्यावर." ट्रेवरचा आता सायकलवाल्या मुलीला विरोध आहे. म्हणतो, मेलेल्याची बदनामी नको. त्याला आता तू उपास धरला होतास आणि चक्कर आली असं वाटतं. आणखी थोडे दिवस दिले तर ते तुला संतपदाला पोचवतील.

मला कारण माहीत आहे. आपल्या लग्नानंतरच्या दुसऱ्या पावसाळ्यात तुला ताप होता, तेव्हा तूच सांगितलंस. मांडीला आतल्या बाजूला गळू झालं होतं. हाफटाइमला ते फुटलं, पांढऱ्या चड्डीवर डाग पडला, आणि त्या चड्डीत मैदानात जायची तुला लाज वाटली. दहा जणांना चार गोल खायला सोडून तू मागच्या गेटनं घरी गेलास. कुणी म्हणालं पैसे खाल्ले, तू गप्प. कुणी म्हणालं मुलगी, तू हसलास. दगाबाज म्हटलेलं तुला चाललं. गळू नाही चाललं.

मी हे आजवर कुणाला सांगितलेलं नाही. सांगण्यासारखं कुणी भेटलं नाही म्हणून. पण वीस तारखेला समारंभात माईक असणार आहे, आणि मला माईकसमोर बोलायची भीती वाटत नाही. तोपर्यंत तुझ्याकडून काही आलं नाही, तर सदानंदच्या भाषणानंतर मी उठेन आणि सांगेन. मांडी कुठली तेही सांगेन.

तू मेला असशील तर तुला काही फरक पडणार नाही. जिवंत असशील तर मी तुला ओळखते.

आमचा फोन नंबर वर कोपऱ्यात लिहिला आहे.

जॅनेट


शनिवार, २१ एप्रिल

सायमन,

तर जिवंत आहेस, आणि मेरीच्या पत्त्यावर माझी पत्रंही तुला मिळत होती. हे पत्र कुरियरनं पाठवते आहे, कारण या वेळी ते वेळेवर पोचणं गरजेचं आहे.

आधी फोनबद्दल. मागच्या आठवड्यात, तेरा तारखेच्या शुक्रवारी तू केलास तो. तुला ऐकू आलं नसेल ते सांगते.

ॲड्रियननं फोन घेतला. "कोण?" म्हणाला, आणि त्याचा चेहरा टीव्हीवरच्या कपाकडे वळला. मग त्यानं स्पीकर लावला, कारण त्याला एकट्याला ते झेपेना. "मी सायमन बोलतोय," तू म्हणालास, "सेंटर हाफ." माझ्याबद्दल विचारलं नाहीस. मुलीबद्दल विचारलं नाहीस. "कपाची कमिटी हीच का?" असं विचारलंस.

सदानंद पांढरा पडला. मग ट्रेवर फोनजवळ वाकून म्हणाला, "सर, तुम्ही... आहात?"

"आहे ना!"

"अभिनंदन, सर," ट्रेवर म्हणाला.

आणि तू सुरू झालास. पाऊण तास. तोच पूर्वार्ध, तेच पास, त्याच जागी तोच थांबा. टेबलावर लिंबं नव्हती एवढंच. आवाज म्हातारा झालाय तुझा, पण थांबे तेच आहेत. शेवटी सदानंदनं भीत भीत विचारलं, "आणि सर, हाफटाइमला नेमकं काय झालं?" तू म्हणालास, आई अचानक आजारी पडली, निरोप आला, धावत गेलो. तुझी आई त्या दिवशी प्रेक्षकांत पुढच्या रांगेत बसून भुईमुगाच्या शेंगा खात होती. मी दारात उभी होते. बोलणार होते.

मी बोलले नाही, कारण कॅरलनं हातातला ट्रे खाली ठेवला. सरळ फोनपाशी गेली आणि म्हणाली, "पप्पा, मी कॅरल."

तुझं बोलणं थांबलं.

ॲड्रियनचं तोंड उघडं राहिलं. सदानंद सोफ्यावरून उठला आणि पुन्हा बसला. "लाइन गेली," ट्रेवर म्हणाला. "इंडियाची लाइन अशीच जाते. खलास."

लाइन गेली नव्हती. टेलिफोन एक्स्चेंजमध्ये मी जन्म काढलाय. मेलेली लाइन कशी ऐकू येते आणि पलीकडे माणूस असताना कशी ऐकू येते, हे मला झोपेतही कळेल. तू तिथे होतास. श्वास लागला होता तुला. कॅरलनंही तो ऐकला, कारण ती रिसीव्हर उचलून कानाशी धरून उभी राहिली, स्पीकर बंद करून, पाठ फिरवून. तुम्ही दोघं किती वेळ तसे होतात मला माहीत नाही. मी कमिटीला घरी घालवत होते. मग तू फोन ठेवलास.

आता कमिटीचं ऐक. ते तुझ्यावर संतापले आहेत. तू जिवंत निघालास याबद्दल. ट्रेवर म्हणाला, "मी आधीच सांगितलं होतं, हा माणूस भरवशाचा नाही." तो पुन्हा तुला दगाबाज म्हणतो, आणि खांदा दिल्याचं त्याला आठवत नाही. सदानंदनं वसईतून कुणीतरी चुकीची बातमी दिली असं जाहीर केलं. नाव सांगितलं नाही. कप परत सूकमध्ये नेला, तुझं नाव घासून काढलं आणि एका दिवंगत प्राचार्यांचं घातलं. ते प्राचार्य फुटबॉलच्या तासाला संस्कृत घ्यायचे, पण ते खात्रीनं मेलेले आहेत. काल फायनल झाली. घासलेल्या जागी पत्रा पातळ झालाय, चहाचा चमचा लागला तरी पोचा पडेल.

मिस्सेचं काय करायचं असं ॲड्रियननं फादरांना विचारलं, मान खाली घालून. फादर म्हणाले, जिवंतांसाठीही मिस्सा होते. कॅरलनं पहिलं वाचन केलं. आवाज कापला नाही. त्याचा मला अभिमान वाटला, आणि तुझ्यावर मेहरबानी म्हणून नाही, तर तिनं ते चांगलं वाचलं म्हणून.

ॲड्रियन स्वयंपाकघरात आला. "मम्मी, मला एकदा सांगायचं तरी."

"तू विचारलं नाहीस बाबा," मी म्हटलं. "तू फक्त सेंटर हाफबद्दल विचारत होतास."

तो बिचारा तिथेच स्टुलावर बसला आणि कांदे सोलू लागला. त्यानंच तिकीट काढलं आहे. मूर्ख आहे, पण माझ्या वाट्याला आला होता त्याच्याहून बरा.

कॅरल तीन मेच्या गुरुवारी वसईला तुझ्याकडे येते आहे. मी येत नाही. मला तुला पाहायचं नाही आणि तूही मला पाहू नयेस असं माझं वय झालं आहे.

गळवाबद्दल निश्चिंत राहा. ते ऐकायला लायक असा एकही माणूस त्या खोलीत नव्हता.

पण कॅरल विचारेल. ती मॅचबद्दल विचारणार नाही. ती विचारेल, तिच्या पहिल्या कम्युनियनच्या दिवशी तू कुठे होतास. तिला गोवर झाला होता हे तुला कुणी सांगितलं होतं का. तिच्या लग्नात चर्चमध्ये जाताना बापाऐवजी मामाच्या हातात तिचा हात होता, त्या दिवशी तुला ते माहीत होतं का. खरी उत्तरं दे. ती क्षुद्र असतील, मला ठाऊक आहे. तरी दे. आईला आजारी पाडू नकोस. टेबलावर काही मांडू नकोस. तिच्यासमोर सेंटर हाफ हा शब्द काढलास तर मला कळेल.

या मुलीला फुटबॉल कळत नाही, सायमन. तू कसा खेळायचास याच्याशी जिला काडीचं देणंघेणं नाही अशी इतक्या वर्षांत तुझ्याकडे येणारी ती पहिलीच. म्हणून तुला भीती वाटेल. फोनवर वाटली तशीच, आणि मागच्या गेटकडे पाय वळतील.

घाबर. पण घरी थांब.

जॅनेट